मागणीच्या कागदावर तारीख हवी

सैन्यासाठी शस्त्र मागायचं तर उत्तमातलं उत्तम मागावं, तडजोडीचं नावही काढू नये, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. पायदळात नोकरी केली, मुख्यालयात मागण्या लिहिणाऱ्या टेबलावरही काही काळ काढला आणि निवृत्तीनंतर व्याख्यानांतून, लेखांतून हेच मत हिरिरीने मांडलं. आज ते मत माझं राहिलेलं नाही. आता मला वाटतं की सैन्याची मागणी थोडक्यात असावी, तिच्यातल्या सक्तीच्या अटी मोजक्या असाव्यात आणि ती वस्तू जवानाच्या हातात कधी पडायला हवी, याची तारीख त्याच कागदावर असावी. बिनतारखेची मागणी कितीही निर्दोष असली तरी ती मला अपुरी वाटते. हे मत कसं बदललं ते सविस्तर सांगतो. ज्यांना मी पूर्वी उलटं सांगत होतो, त्यांतले बरेच जण आज निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर बसले आहेत, म्हणून हे लिहिणं मला जरुरीचं वाटतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नवं शस्त्र किंवा उपकरण हवं असेल, तर सैन्य आधी त्याचे गुणधर्म लिहून काढतं. या दस्तऐवजाला आम्ही क्यूआर म्हणतो. लष्कराचा असेल तर जीएसक्यूआर, नौदलाचा एनएसक्यूआर, हवाई दलाचा एएसक्यूआर. वजन किती, पल्ला किती, किती थंडीत आणि किती उन्हात चाललं पाहिजे, किती उंचीवरून पडलं तरी टिकलं पाहिजे, हे सगळं त्यात येतं. त्यावरूनच आरएफपी निघते, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले जातात. त्यावरूनच चाचण्या होतात. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची प्रयोगशाळा कामाला लागते तीही त्यावरूनच. एकदा क्यूआर मंजूर झाला की त्यातली एक सक्तीची अट पूर्ण न करणारं शस्त्र बाद, मग बाकी सगळ्यांत ते पहिलं आलेलं का असेना. इतकी ताकद त्या कागदात असते. तरी वर्तमानपत्रांतून चर्चा होते ती किमतीची, दलालांची आणि स्वदेशी की विदेशी याची. मागणी कोणी आणि कशी लिहिली, हे क्वचितच विचारलं जातं.

माझ्या जुन्या मतामागची कारणं आजही मला क्षुल्लक वाटत नाहीत. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर आपल्या पायदळाच्या हातात इन्सास रायफल होती. तिचं डिझाइन पुण्यात, डीआरडीओच्या पाषाण इथल्या एआरडीई प्रयोगशाळेत झालेलं. त्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि ऐन वेळी फायर अडकल्याच्या तक्रारी आल्या. चढावर, शत्रूच्या माऱ्यात, जवानाची रायफल अडते तेव्हा काय होतं ते पायदळातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या अनुभवातून आमच्या पिढीने एक धडा घेतला : कागदावर सवलत दिली की तिची किंमत डोंगरावर मोजावी लागते. म्हणून मागणी कडक हवी.

दुसरं कारण सचोटीचं होतं. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्यावरून उठलेल्या वादळानंतर संरक्षण खरेदी म्हटलं की संशय, हे समीकरणच झालं. अशा वातावरणात क्यूआर हा अधिकाऱ्याचा आधार असतो. सगळ्या कंपन्यांना माप एकच, उतरला तो आत, न उतरला तो बाहेर. मापात लवचीकता आणली की कोणाच्या तरी सोयीने ती वाकवली जाईल, ही भीती खरी आहे. मीही ती बाळगून होतो, आणि अजूनही ती पूर्ण गेलेली नाही.

पण मसुदा कसा वाढत जातो, तेही मी जवळून पाहिलं आहे. सुरुवात साध्या गरजेने होते. समजा, रात्री पाहता यावं म्हणून हातात धरायचा थर्मल इमेजर हवा आहे. टेबलावर जगभरच्या कंपन्यांची माहितीपत्रकं पसरलेली असतात. एकाचं वजन सर्वांत कमी, दुसऱ्याचा पल्ला सर्वांत जास्त, तिसऱ्याची बॅटरी सर्वांत टिकाऊ. पेन्सिलीने खुणा होतात आणि मसुद्यात तिन्ही गोष्टी उतरतात. पल्ला वाढवला की भिंग मोठं होतं, वजन उतरवलं की बॅटरी लहान होते, हे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही कमी मागायला कोणी धजत नाही. जगात मिळत असताना तुम्ही मागितलं का नाही, असं उद्या ऑडिटमध्ये विचारलं तर उत्तर काय द्यायचं? मग फाइल फिरायला निघते. ईएमई या यंत्रदुरुस्ती पाहणाऱ्या शाखेला दुरुस्तीची सोय हवी असते, सिग्नल्सला इतर संचांशी जोडणी हवी असते, ऑर्डनन्सला साठवणुकीची वर्षं हवी असतात. वाळवंटातली फॉर्मेशन धुळीबद्दल लिहिते, उत्तरेतली बर्फाबद्दल. सियाचीनची थंडी आणि जैसलमेरचा उन्हाळा एकाच वाक्यात येऊन बसतात.

यातली एकही ओळ बिनबुडाची नसते आणि ती लिहिणारा अधिकारी कर्तव्यबुद्धीनेच लिहीत असतो. अडचण वेगळीच आहे. ओळ वाढवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. ओळ काढायची तर मात्र कोणाला तरी सही करावी लागते, आणि पुढे काही बिघडलं की तीच सही शोधली जाते. त्यामुळे मसुदा परत येतो तो जाड होऊनच. शेवटी ज्या वस्तूचं वर्णन तयार होतं, ती जगात कोणीच बनवत नसतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बहु-कॅलिबर रायफलची निविदा. २०११ साली लष्कराने सुमारे ६६ हजार रायफलींसाठी प्रस्ताव मागवले. मागणी अशी होती की बॅरल बदलली की त्याच रायफलमधून दोन जातींची काडतुसं उडाली पाहिजेत : ५.५६ × ४५ मिमी आणि ७.६२ × ३९ मिमी. पहिलं पारंपरिक युद्धासाठी, दुसरं दहशतवादविरोधी कारवाईसाठी. कल्पना म्हणून ती मला तेव्हा फार पटली होती. एकाच जवानाला आज नियंत्रण रेषेवर आणि उद्या खोऱ्यात शोधमोहिमेवर जावं लागतं, तर एकच शस्त्र दोन्हीकडे का चालू नये? इटलीची बेरेटा, अमेरिकेची कोल्ट, इस्रायलची आयडब्ल्यूआय, चेक प्रजासत्ताकाची सीझेड, अशा नामांकित कंपन्या उतरल्या. चाचण्या झाल्या. अटींना कोणीच पुरं उतरलं नाही. २०१५ मध्ये सगळी प्रक्रिया गुंडाळली गेली.

त्यानंतर काय घेतलं, ते पाहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये तातडीच्या मार्गाने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. तिचं काडतूस एकच, ७.६२ × ५१ मिमी. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे बनवायच्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. तिचंही काडतूस एकच, ७.६२ × ३९ मिमी. आपलं पायदळ काश्मीरमध्ये एके-४७ मधून वर्षानुवर्षं हेच काडतूस झाडत आलं आहे. म्हणजे ज्या दुहेरी गुणापायी आपण चार वर्षं घालवली, तो गुण शेवटी घेतलेल्या दोन्ही रायफलींत नाही. तो नसल्याने पायदळाचं अडलेलंही नाही. मग ती अट सक्तीची होती का? आणि नसेल, तर त्या वर्षांत जे जवान जुनीच इन्सास घेऊन गस्त घालत राहिले, त्यांना ती वर्षं कोण परत देणार? हा प्रश्न मला पडला तिथून माझं मत हलायला सुरुवात झाली.

कडक मागणी लिहिताना मी नेहमी एकाच प्रकारच्या नुकसानीचा विचार करत असे, तो म्हणजे वाईट शस्त्र जवानाच्या हातात पडण्याचा. दुसरं नुकसान माझ्या हिशेबात नव्हतं. चांगलं शस्त्र येईपर्यंत जवान जुन्या शस्त्रानेच लढत असतो, आणि त्या काळात होणारी हानी कोणत्याही फाइलवर नोंदली जात नाही. नापास झालेल्या रायफलचा अहवाल लिहिला जातो. न आलेल्या रायफलचा अहवाल कोणी लिहीत नाही.

बुलेटप्रूफ जॅकेटांची हकिगत याहून बोचरी आहे. १ लाख ८६ हजार जॅकेटांच्या खरेदीला मंजुरी मिळाली २००९ मध्ये, आणि करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात चाचण्यांत आलेले नमुने नापास झाले. नापास करणं योग्यच होतं. गोळी न अडवणारं जॅकेट घेऊन काय करायचं? पण त्याच काळात, २०१६ मध्ये, तातडीची गरज म्हणून ५० हजार जॅकेटं वेगळ्या मार्गाने घेतली गेली. म्हणजे पूर्ण संख्या आणि पूर्ण गुणधर्म यांची वाट पाहत असतानाही पुढच्या फळीतल्या काही जवानांना संरक्षण देता येत होतं. मग ते २०११ मध्ये का देता आलं नाही? कारण मागणीत 'काय' लिहिलं होतं, 'केव्हापर्यंत' लिहिलेलं नव्हतं. तारीख असती, तर ती टळते आहे असं दिसताच कोणाला तरी दुसरा मार्ग शोधावा लागला असता.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. बियाणं कितीही नामी आणलं तरी वाफसा निघून गेल्यावर पेरणी साधत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. शस्त्राचंही तसंच आहे, हे कळायला मला फाइलींच्या गराड्यातून बाहेर यावं लागलं.

लांबलचक यादी म्हणजे बारकाईने केलेली यादी, हा माझा समजही एका चौकीवर गळून पडला. उत्तरेकडच्या उंचावरच्या त्या चौकीत रात्रीच्या पहाऱ्यासाठी एक थर्मल इमेजर होता. कडक चाचण्यांतून पार पडलेलं उपकरण. पहाऱ्यावरच्या नायकाने मला ते दाखवलं. जादा बॅटरी त्याने कोटाच्या आत, अंगाला लागून ठेवली होती. बाहेर ठेवली तर थंडीने ती झटक्यात उतरते. बॅटरी बदलायची वेळ आली तेव्हा त्याने उजव्या हाताचा जाड मोजा दातांनी ओढून काढला, कारण झाकणाची खिट्टी इतकी बारीक होती की मोज्यातल्या बोटांना ती सापडत नसे. उघड्या बोटांनी त्या गारठलेल्या धातूशी तो झटत राहिला आणि झाकण लागेपर्यंत बोटं पांढरी पडली होती. तेवढा वेळ समोरचा उतार कोणीच पाहत नव्हतं. त्या उपकरणाच्या मागणीत वजन होतं, पल्ला होता, तापमान होतं, साठवणुकीची वर्षं होती. जाड मोजा घातलेल्या हाताने बॅटरी बदलता आली पाहिजे, ही ओळ नव्हती. लिहिणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असं नाही. ते तीन वर्षांच्या पोस्टिंगवर दिल्लीत होते आणि नायक वर होता. एकच नमुना एका हिवाळ्यासाठी त्या चौकीवर ठेवला असता, तर ती ओळ आपोआप मागणीत आली असती, आणि बऱ्याच इतर ओळी गळाल्याही असत्या.

मागणी आधी पूर्ण लिहायची आणि मग वस्तू बनवायची, या क्रमावरचा माझा विश्वास तिथे उडाला. वस्तू वापरल्याशिवाय आपल्याला नेमकं काय हवं आहे तेच कळत नाही. मग मी जुन्या कहाण्या नव्याने वाचायला घेतल्या.

अर्जुन रणगाड्याची कहाणी सर्वांना वरवर माहीत असते. लष्कराने त्याचा क्यूआर १९७२ मध्ये लिहिला, प्रकल्प १९७४ मध्ये मंजूर झाला. सुरुवातीला कल्पना होती ४० टनांच्या आसपासच्या, १०५ मिमी तोफेच्या रणगाड्याची. पुढे शेजाऱ्यांचे रणगाडे बदलले, तशी मागणी बदलत गेली. तोफ १२० मिमीची झाली, चिलखत वाढलं, इंजिन बदललं आणि वजन ५८ टनांच्या पुढे गेलं. मग रेल्वेचे वॅगन, रस्त्यांवरचे पूल, पंजाबातले कालवे, सगळ्यांचा प्रश्न उभा राहिला. १२४ रणगाड्यांची पहिली ऑर्डर निघाली ती २००० साली. तोवर रशियाच्या टी-९० ची खरेदी दाराशी येऊन ठेपली होती. माझ्या पिढीतल्या बहुतेक अधिकाऱ्यांनी या विलंबाचा सारा दोष डीआरडीओवर टाकला. मीही टाकत असे. प्रयोगशाळेच्या बाजूने उणिवा होत्याच. पण दर काही वर्षांनी मागणी बदलणारा हात आमचाच होता, हे आज मी तितक्याच स्पष्टपणे म्हणतो.

याच्या शेजारी झोरावर हा हलका रणगाडा ठेवून पाहा. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चिनी सैन्यासमोर उभं राहिल्यावर गरज एका वाक्यात सांगता येत होती : उंचावर झपाट्याने नेता येईल असा २५ टनांच्या आतला रणगाडा. बाकी सगळं त्या वजनात बसवायचं. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून बनवलेला त्याचा नमुना जुलै २०२४ मध्ये हाजिराला लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी त्याच्या वाळवंटातल्या आणि उंचावरच्या चाचण्या सुरू झाल्या. तो अजून रेजिमेंटमध्ये दाखल व्हायचा आहे, त्यामुळे यशाचा डंका पिटण्याची ही वेळ नव्हे. पण अटींमध्ये एक अट राजा असली की डिझाइन करणाऱ्याचे हात मोकळे होतात, एवढं यातून निश्चित दिसतं.

पिनाकाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. ही रॉकेट प्रणालीही पाषाणच्या एआरडीईचीच. जगात तेव्हा ७० किलोमीटर मारा करणारं रशियाचं स्मर्च अस्तित्वात होतं. पिनाकाच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला त्याच्या जवळपास निम्मा, म्हणजे ३८ किलोमीटरच्या घरात होता. माझ्या जुन्या तर्काने ती मागणी कमीपणाची ठरली असती. पण ती वस्तू तयार झाली, रीतसर दाखल होण्याआधीच तिने कारगिलमध्ये मारा केला आणि तोफखान्याला काय हवं, काय नको, ते प्रत्यक्ष रणात कळलं. मग पल्ला वाढला, मग रॉकेटला दिशा देणारी यंत्रणा बसली, आणि मार्गदर्शित पिनाका ७५ किलोमीटरच्या पुढे पोहोचलं. आज ते परदेशातही विकलं जातं. पहिल्याच दिवशी ७५ किलोमीटर आणि अचूक मार्गदर्शन अशी सक्तीची अट घातली असती, तर कारगिलमध्ये ते नसतंच.

नौदलाला हे शहाणपण आमच्या आधी आलं. साठच्या दशकापासून नौदलाने स्वतःचा जहाज-डिझाइन विभाग उभा केला. मागणी लिहिणारा आणि नकाशा काढणारा, दोघेही एकाच गणवेशातले. एक अट वाढवली तर जहाज किती टनांनी वाढेल, हे त्याच खोलीत कळतं. मुंबईच्या माझगाव गोदीत ब्रिटिश डिझाइनची 'निलगिरी' १९७२ मध्ये झाली, मग तिच्यावरून शिकून आपल्या डिझाइनची 'गोदावरी', मग 'दिल्ली', मग 'कोलकाता', मग 'विशाखापट्टणम'. 'आयएनएस कोलकाता' ऑगस्ट २०१४ मध्ये ताफ्यात आली तेव्हा तिचं लांब पल्ल्याचं विमानविरोधी क्षेपणास्त्र तयार नव्हतं. त्याची जहाजावरून पहिली चाचणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. तेव्हा या गोष्टीवर टीका झाली आणि मला ती रास्त वाटली होती. आज मला वाटतं की क्षेपणास्त्रासाठी जहाज गोदीत अडवून ठेवण्यापेक्षा ते समुद्रात उतरवून खलाशांना त्याची ओळख करून देणं हाच शहाणा निर्णय होता.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असं मुळीच नाही. २००५ मध्ये डॉ. विजय केळकर यांच्या समितीने सांगितलं की सैन्याने आपल्या दीर्घकालीन गरजा उद्योगांना आधीच कळवाव्यात. तसा आराखडा पहिल्यांदा जाहीर झाला २०१३ मध्ये. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी उघडपणे म्हटलं होतं, की काही क्यूआर मार्व्हल कॉमिक्समधून उचलल्यासारखे वाटतात. ते स्वतः आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे इंजिनिअर, त्यामुळे एका अटीचा दुसरीवर पडणारा ताण त्यांना आकळत होता. तेव्हा सैन्यातल्या आमच्यासारख्या अनेकांना ते बोलणं लागलं होतं. त्यांच्याच कारकिर्दीत आलेल्या २०१६ च्या खरेदी पद्धतीत अटींची प्रतवारी झाली : काही चाचणीतच सिद्ध करायच्या, काही नंतर पूर्ण करता येतील अशा, आणि काही नसल्या तरी चालतील पण असल्या तर मूल्यांकनात थोडं जादा श्रेय देणाऱ्या. २०२० च्या पद्धतीने ती पुढे नेली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेत तर सैन्य फक्त अडचण मांडतं आणि नवउद्योग उत्तर शोधतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या आयडियाफोर्ज कंपनीचं 'स्विच' ड्रोन लष्कराने २०२१ मध्ये घेतलं, तेही प्रत्यक्ष परिस्थितीतल्या चाचण्यांत उतरल्यावर.

म्हणजे नियमांत वाव आहे. सवय मात्र जुनीच आहे. तीन कप्पे दिले तरी भीतीपोटी सगळ्या अटी पहिल्याच कप्प्यात कोंबल्या जातात. आणीबाणी आली की मात्र आपण झटकन शहाणे होतो. २०२० मध्ये लडाखचा पेच उभा राहिला तेव्हा सेनादलांना ३०० कोटी रुपयांपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले, आणि महिन्यांत सामान येऊ लागलं. तेव्हाही तेच अधिकारी होते, तेच सैन्य होतं. फरक एवढाच की आता तारीख होती. शत्रूने घालून दिलेली.

ही अडचण एकट्या आपलीच नाही. अमेरिकेने २००३ मध्ये तिन्ही दलांच्या मागण्या तपासण्यासाठी जेसीआयडीएस नावाची मोठी पद्धत बसवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला. कारण हेच की मागणी मंजूर होईपर्यंत तंत्रज्ञान पुढे निघून जातं. युक्रेनमध्ये ड्रोन आणि ते पाडणारी जॅमिंग यंत्रणा एकमेकांवर काही आठवड्यांत मात करतात. तिथे पाच वर्षांपूर्वी लिहिलेली मागणी तंतोतंत पूर्ण करणारं ड्रोन आलं, तरी ते निरुपयोगी असू शकतं.

मला विचारलं जातं, की अटी सैल केल्या तर हलका माल गळ्यात पडणार नाही का? या शंकेला मी आजही मान देतो. म्हणून माझ्या म्हणण्याची मर्यादा सांगतो. जॅकेटने गोळी अडवलीच पाहिजे. पॅराशूट उघडलंच पाहिजे. दारूगोळा हाताळणाऱ्याच्या हातात फुटता कामा नये, आणि रायफल ठरलेल्या थंडीत अडकता कामा नये. इथे सूट नाही. उलट अटी मोजक्या केल्या की या चार गोष्टींची चाचणी आतापेक्षा कठोर करता येईल. चाळीस अटी तपासण्यात सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो आणि महत्त्वाच्या अटीकडे इतर अटींइतकंच लक्ष दिलं जातं. सचोटीचंही तसंच आहे. सक्तीच्या अटी जितक्या जास्त आणि चमत्कारिक, तितकी त्या एखाद्याच कंपनीला बसण्याची शक्यता जास्त. शेवटी एकच व्हेंडर उरतो आणि निविदा रद्द होते, किंवा संशय तरी उभा राहतो. मोजक्या, मोजता येणाऱ्या, आधीच जाहीर केलेल्या अटी प्रामाणिक अधिकाऱ्याला अधिक सुरक्षित ठेवतात, अशी माझी आता खात्री आहे.

मग करायचं काय? मागणीचं पहिलं पान साध्या भाषेत असावं : कोणत्या जवानाची, कोणत्या जागेवरची, कोणती अडचण सोडवायची आहे. सक्तीच्या अटी बोटांवर मोजता याव्यात, आणि प्रत्येक अटीपुढे ती नसेल तर नेमकं काय बिघडतं ते लिहावं. पहिली तुकडी कधीपर्यंत पोहोचली पाहिजे ती तारीख असावी, आणि तारीख टळत असेल तर कोणती अट सोडायची हे ठरवण्याचा अधिकार एका नेमलेल्या अधिकाऱ्याला असावा. त्याची बदली काम अर्धवट असताना होऊ नये. त्याने सद्‌बुद्धीने सोडलेल्या अटीबद्दल दहा वर्षांनी त्याला चौकशीला उभं केलं जाऊ नये; हे संरक्षण मंत्रालयाने आणि ऑडिटने मिळून पाहावं. नमुना तयार झाला की तो आधी थोड्या संख्येने प्रत्यक्ष तुकडीत जावा आणि बनवणारा इंजिनिअर त्याच्याबरोबर जावा. पुण्यातल्या प्रयोगशाळांमध्ये आणि कारखान्यांमध्ये फार हुशार मुलंमुली काम करतात. त्यांतल्या कितीजणांनी उणे तापमानातली चौकी पाहिली आहे? त्यांना एक हिवाळा तिथे काढू द्या, पुढचं डिझाइन ती स्वतःच बदलतील.

संरक्षण मंत्रालयाने २०२५ हे सुधारणांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि खरेदी पद्धतीचा फेरविचार हाती घेतला. नियमपुस्तक बदलेल, त्याचं मी स्वागतच करीन. पण माझी खरी विनंती आज त्या टेबलावर बसलेल्या मेजर आणि कर्नल मंडळींना आहे. पुढचा मसुदा तुमच्याकडे येईल तेव्हा त्यातली निदान एक ओळ स्वतःच्या सहीने काढा, आणि शेवटी तारीख लिहा. आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे : एखादी संरक्षण खरेदी रखडल्याची बातमी वाचाल, तेव्हा पैसे कोणी खाल्ले हे जरूर विचारा. त्याबरोबर मागणी काय होती आणि ती कधीपर्यंत पूर्ण व्हायची होती, हेही विचारा. लोकांनी हा प्रश्न लावून धरला, तर सैन्यालाही त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवावं लागेल.